पंधराशे रुपये आणि त्यांची तारीख

पुस्तक हातावेगळं झाल्यावर प्रस्तावना लिहायची, असा रिवाज आहे. ही प्रस्तावना मात्र नोंदींच्या आधी लिहिली आहे. फुलंब्री तालुक्यातल्या बायकांच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला सरकारी पैसे पडू लागले, त्याने त्यांच्या जगण्यात काय हललं, हे कुणाला लिहून ठेवायचं असेल तर वही उघडण्याआधीच काही गोष्टी नक्की कराव्या लागतील. काय विचारायचं, कुणाला विचारायचं, आणि कोणता प्रश्न जिभेवर आला तरी गिळायचा. शंभर घरं फिरून झाल्यावर हे सुचलं, तर त्या शंभर घरांत पुन्हा जाता येत नाही. गेलं तरी तो महिना निघून गेलेला असतो.

विषय साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. 28 जून 2024 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली आणि त्याच तारखेचा शासन निर्णय निघाला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला 1,500 रुपये, तिच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात. वयाची वरची मर्यादा आधी 60 होती, ती काही दिवसांत 65 झाली. पाच एकर जमिनीची अट उडाली, चारचाकी गाडीची राहिली. वर्षाला 46,000 कोटी रुपये लागतील असा अंदाज मांडला गेला. अंगणवाडी सेविकांनी मोबाइलवर अर्ज भरले, तहसील आणि सेतू केंद्रांसमोर रांगा लागल्या, आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीपर्यंत सव्वादोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात पाच महिन्यांचे साडेसात हजार पोचलेही.

अर्थशास्त्रज्ञ ज्याला मूलभूत उत्पन्न म्हणतात, ते हे नव्हे. त्यांच्या व्याख्येत पैसा सगळ्यांना मिळायला हवा. इथे पुरुष नाहीत, मुलं नाहीत, आयकर भरणारं घर नाही. पण त्या व्याख्येतल्या बाकीच्या गोष्टी इथे बऱ्याच जुळतात. पैसा कुटुंबाला मिळत नाही, व्यक्तीला मिळतो. धान्य किंवा शिलाई मशीन मिळत नाही, रोख मिळते. बदल्यात खड्डे खणावे लागत नाहीत आणि कशावर खर्च केले याची पावती कुणी मागत नाही. 2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालात अरविंद सुब्रमणियन यांनी मूलभूत उत्पन्नावर स्वतंत्र प्रकरण घातलं, तेव्हा हिशेबासाठी माणशी वर्षाला 7,620 रुपये हा आकडा धरला होता. केंद्राने ती कल्पना फाइलीत ठेवली. मध्य प्रदेशाने 2023 मध्ये आणि पाठोपाठ महाराष्ट्राने, निवडणुकीच्या तोंडावर आणि फक्त बायकांपुरती, त्या आकड्याहून मोठी रक्कम वाटायला सुरुवात केली. एवढा मोठा प्रयोग सुरू झाला, पण त्याची प्रयोगवही कुणी घातली नाही. पैसे पडण्याआधी घराची स्थिती काय होती हे लिहून घेतलं गेलं नाही. तुलनेसाठी पैसे न मिळणारी गावंही कुठे उरली नाहीत.

वही घातली म्हणजे काय होतं, याचा नमुना फार लांब नाही. 2011-12 मध्ये इंदूरच्या आसपासच्या आठ गावांत ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या पैशावर प्रयोग केला. प्रौढाला महिन्याला 200 रुपये, मुलाला 100, वर्षभराने ते 300 आणि 150 झाले. बारा गावांत एक रुपयाही दिला नाही, तिथे फक्त मोजणी केली. रेनाना झाबवाला, सरथ दवाला, गाय स्टँडिंग या मंडळींनी पैसा वाटण्याआधी घरोघरची मोजदाद केली, मध्ये केली आणि शेवटीही केली. मुलींची वजनं वयाच्या मानाने सुधारली, दारूवरचा खर्च वाढला नाही, शेळ्या-म्हशी वाढल्या, दुसऱ्याच्या शेतावर राबण्याऐवजी लोक स्वतःच्या तुकड्यावर जास्त दिवस काम करू लागले. दोन-तीनशे रुपयांत हे झालं. त्यांच्याकडे आधीचा कागद होता, म्हणून ते हे म्हणू शकले.

आपल्याकडे तो कागद नाही. पण आधीचा कागद असूनही काम अडतं, हेही खरं आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात डॉफिन नावाचं लहानसं शहर आहे. 1974 पासून काही वर्षं तिथल्या कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी दिली होती. प्रयोगाचं नाव ‘मिनकम’. मुलाखती झाल्या, प्रश्नावल्या भरल्या, आणि 1979 पर्यंत सरकारं बदलली, महागाईने पैसा खाल्ला, विश्लेषणाला काही उरलं नाही. सुमारे 1,800 खोकी भरतील एवढे कागद गोदामात गेले. तीसेक वर्षांनी एव्हलिन फोर्जे या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी ती खोकी शोधून काढली. त्यांचा सर्वांत ठोस निष्कर्ष मात्र त्या खोक्यांतून आला नाही. तो आला प्रांताच्या आरोग्य विम्याच्या दप्तरातून. प्रयोगाच्या काळात डॉफिनच्या लोकांचं रुग्णालयात दाखल होणं, तुलनेसाठी घेतलेल्या लोकांपेक्षा साडेआठ टक्क्यांनी कमी झालं होतं. ते दप्तर ठेवणाऱ्या कारकुनाला मूलभूत उत्पन्न वगैरे काही ठाऊक नव्हतं. तो आपला दाखल झालेल्यांची नावं लिहीत होता.

फुलंब्रीत मला आशा वाटते ती या दुसऱ्या प्रकारच्या कागदाची. आधीची पाहणी नाही, पण भलत्याच कामासाठी लिहिलेल्या वह्या गावोगाव आहेत. किराणा दुकानाची उधारीची वही, प्राथमिक आरोग्य केंद्राचं बाह्यरुग्ण रजिस्टर, शाळेचं हजेरीपत्रक, बचत गटाच्या मासिक बैठकीची नोंद, जनावरांच्या दवाखान्याचं पुस्तक, कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्याच्या पावत्या. यांतली बरीचशी जून 2024 च्या आधीपासून चालू आहेत, आणि त्या लिहिणाऱ्याला कुणाला खूश करायचं नव्हतं. वडोद बाजारचा किंवा बाबऱ्याचा एखादा दुकानदार आपली जुनी वही दाखवायला तयार झाला, नावं झाकून का होईना, तर त्या वहीची किंमत मी पाचशे भरलेल्या प्रश्नावल्यांहून जास्त धरीन.

हे असं का, ते सांगायचं तर इथल्या पैशाचं वेळापत्रक सांगावं लागेल. माझ्या मते या विषयाची सगळी गाठ तिथेच आहे.

फुलंब्री छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गिरजा नदीकाठचं गाव, आता नगरपंचायत. तालुक्यात कापूस आणि मका, पाण्याची सोय असेल तिथे अद्रक, भाजीपाला. पोरं शहराच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर जातात, पण घराचा कणा अजून खरिपाचाच. खरिपाचा पैसा वर्षातून एकदा येतो. मृगाचा पाऊस पडला की बियाणं आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर उचलायचं. त्याच पंधरवड्यात शाळा उघडते, वह्या-दप्तरं लागतात. आषाढ-श्रावणात निंदणी-खुरपणीची मजुरी द्यायची. भाद्रपदात घरोघर ताप-खोकला. हे सगळे खर्चाचे महिने आणि यांतल्या एकाही महिन्यात शेतातून रुपया येत नाही. कापूस फुटतो दसरा-दिवाळीला. मग वेचणी, मग व्यापारी, आणि आलेला पैसा आल्या पावली कृषी केंद्र, किराणा आणि हातउसने देणाऱ्यांकडे. उरलं त्यात लग्नकार्य. माघ-फाल्गुनापर्यंत खिसा पुन्हा रिकामा.

गरज एका महिन्यात आणि पैसा दुसऱ्याच महिन्यात, असा हा संसार आहे. मधली दरी भरून काढण्यावर गावातली निम्मी अर्थव्यवस्था चालते. दुकानदाराची उधारी ही दरी भरते, बचत गटाचं अंतर्गत कर्ज भरतं, सोनं गहाण ठेवून भरते, आणि अलीकडे आठवड्याच्या ठरल्या वारी दारात बसणारे फायनान्सवाले भरतात. प्रत्येकाचं मोल वेगळं. कुणी व्याज घेतो, कुणी मालाचा भाव चढवून लावतो, कुणी काही घेत नाही पण वेचणीला आधी आपल्या रानात यायचा शब्द घेतो. हे शेवटचं व्याज कुठल्याच पाहणीत मोजलं जात नाही.

आता यात पंधराशे रुपये टाकून पाहा. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची हमी किंमत क्विंटलला 7,521 रुपये होती. त्या हिशेबाने पंधराशे म्हणजे वीस किलो कापूस. त्या वर्षीच्या रोजगार हमीच्या 297 रुपये दराने पाच दिवसांची मजुरी. दिवसाला पन्नास रुपये. रक्कम म्हणून हे कुणाचं दारिद्र्य हटवणार नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण ही वीस किलो कापसाची किंमत आषाढातही येते, जेव्हा रानात कापसाचं बोंड नसतं. महत्त्व आकड्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तारखेला आहे. महिन्याच्या अमुक तारखेला पैसे पडणारच, ही खात्री असेल तर दुकानदार त्या तारखेवर माल देतो, फायनान्सचा हप्ता त्या तारखेला जुळवता येतो, दवाखान्यात तापाच्या चौथ्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी जाता येतं.

खात्री नसेल तर मात्र ही रक्कम सणाच्या ओवाळणीसारखी होते. आली तर आली. या योजनेच्या तारखा आठवून पाहा. जुलै आणि ऑगस्टचे पैसे एकत्र पडले ते रक्षाबंधनाच्या तोंडावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे एकत्र पडले ते दिवाळी आणि आचारसंहितेच्या आधी. पुढे डिसेंबरचे महिना संपता संपता आले, फेब्रुवारी-मार्च 2025 चे पुन्हा एकत्र, महिला दिनाच्या सुमारास. मग कधी महिनाअखेर, कधी पुढच्या महिन्यात. योजनेचं नाव मासिक, चाल सणावारी. तेव्हा नोंदवहीचा पहिला रकाना तारखेचा हवा. सरकारने पैसे कधी सोडले ही एक तारीख, तिच्या खात्यात कधी पडले ही दुसरी, आणि तिच्या हातात कधी आले ही तिसरी. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेमधलं अंतर हा माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि तो मंत्रालयातल्या कुठल्याही संगणकावर मिळणार नाही.

या तिसऱ्या तारखेत बरंच काही दडलेलं असतं. गावातल्या बायकांत महिनाभर एकच प्रश्न फिरतो, पैसे पडले का? पडले हे कळायला मोबाइलवर संदेश यावा लागतो, आणि मोबाइल नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात. काढायला बँकेची शाखा, नाहीतर ग्राहक सेवा केंद्रातला अंगठा. पासबुक भरून घ्यायला वेगळी रांग. फुलंब्रीला यायचं तर जाण्यायेण्याचं भाडं आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. पहिल्या हप्त्याच्या वेळी तर काही बँकांनी खात्यातली किमान शिल्लक नाही म्हणून, जुनं कर्ज थकलं म्हणून पैसे परस्पर वळते केले होते. तसं करू नका, असं सरकारला सांगावं लागलं. एटीएम कार्ड कुणाकडे असतं, काढायला कोण जातं, काढून आणल्यावर नोटा कुठे ठेवतात, हे तीन साधे प्रश्न आहेत. त्यांच्या उत्तरांवरून घरातला कारभार जेवढा कळेल तेवढा ‘निर्णयप्रक्रियेत तुमचा सहभाग किती’ असल्या प्रश्नावरून जन्मात कळणार नाही.

आता गिळायचा प्रश्न. ‘पैसे कशावर खर्च केले?’ हा तो प्रश्न. पत्रकार हाच विचारतात, पुढारी हाच विचारतात, आणि उत्तर ठरलेलं असतं: पोरांच्या शाळेला, सासूच्या औषधाला. ते खोटं नसतं, पण ते उत्तर जाहिरातींनी आधीच शिकवून ठेवलेलं आहे. चांगल्या बाईने पैसा कशावर खर्चावा हे सगळ्यांना ठाऊक आहे. बांगड्या भरल्या, माहेरी जाताना भाचीला फ्रॉक घेतला, एकदा पोटभर भेळ खाल्ली, हे कोण सांगेल? शिवाय रुपयाला खूण नसते. पंधराशे औषधाला गेले म्हणून औषधाचे जे पैसे वाचले ते खताला गेले असतील, तर पंधराशे नेमके कशाला गेले? बाईला हा प्रश्न विचारणं म्हणजे तिची परीक्षा घेणं. मूलभूत उत्पन्नाचा सारा मुद्दाच हा आहे की ही परीक्षा कुणी घेऊ नये.

त्याऐवजी विचारावं ते मागण्याबद्दल. या महिन्यात तुम्ही कुणाकडे पैसे मागितले? कशासाठी, किती? नाही कुणी म्हटलं? मागच्या पोळ्याला कुणाकडे मागितले होते? पैशाचा परिणाम घेतलेल्या वस्तूंत जेवढा दिसतो, त्याहून जास्त न मागितलेल्या पैशांत दिसतो, असं मला वाटतं. नवऱ्याकडे मिठा-मिरचीला मागणं, जावेकडे हातउसने मागणं, दुकानदाराला अजून आठ दिवस थांबायला सांगणं, मालकाकडे मजुरीची उचल मागणं. यांतली एखादी मागणी गळाली असेल, तर ती कोणत्या महिन्यात गळाली ते लिहावं. एखादी गळाली नसेल, किंवा उलट वाढली असेल, तेही तितक्याच काळजीने लिहावं. बायको आता कमावती झाली म्हणून नवऱ्याने किराण्यातून हात काढून घेतल्याची घरं सापडली, तर तीही याच वहीत यायला हवीत.

बायका स्वतः पैशाची तारीख बदलतात, हाही भाग नोंदीत आला पाहिजे. केनियात ‘गिव्हडायरेक्टली’ संस्थेचा मोठा प्रयोग चालू आहे. काही गावांना बारा वर्षं दरमहा, काहींना दोन वर्षं दरमहा, आणि काहींना दोन वर्षांची रक्कम एकदम. अभिजित बॅनर्जी यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ त्याचा माग ठेवतात. एकरकमी मिळालेल्यांनी धंद्यात जास्त घातले, यात नवल नाही. नवल हे की बारा वर्षांची खात्री असलेल्यांनीही तसंच केलं, कारण त्यांनी आपसांत भिशी लावली आणि दरमहाच्या चिल्लरीचं स्वतःच एकरकमी भांडवल केलं. दोनच वर्षांची हमी असलेल्यांत हे तेवढं घडलं नाही. फुलंब्रीच्या बायकांना भिशी शिकवायला कुणाची गरज नाही. प्रश्न एवढाच, की पुढचा हप्ता येईल याची खात्री नसताना पंधराशेची भिशी कुणी लावतं का? गावात 2024 नंतर नवी भिशी सुरू झाली का, ती किती महिने चालली आणि कोणत्या महिन्यात मोडली, हे कळलं तर सरकारच्या शब्दावर बायकांचा किती भरवसा आहे हे कुठल्याही मतचाचणीशिवाय कळेल.

मजुरीचा प्रश्न वादाचा आहे, म्हणून त्याला वेगळी जागा द्यावी. लाडक्या बहिणीमुळे वेचणीला बाया मिळत नाहीत, ही तक्रार मोंढ्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे ऐकू येते. तक्रार करणारा शेतकरी दोन-चार एकरांचा असतो, त्याचा कापूस पावसात भिजण्याची भीती खरी असते, आणि त्याच्या घरातही एकीच्या खात्यात पंधराशे पडत असतात. त्याला हसण्यावारी नेऊ नये. पण वेचणीचा दर किलोवर ठरतो. दर काय होता, काय झाला, दिवाळीत काय आणि शेवटच्या वेचणीला काय, हे दोन्ही बाजूंनी विचारल्याशिवाय ‘मिळत नाहीत’ याचा अर्थ लागत नाही. ज्याला मालक मजुरांची टंचाई म्हणतो, त्यालाच वेचणारी ‘त्या भावात परवडत नाही’ म्हणते. एकच घटना, दोन वह्या. मध्य प्रदेशातल्या ‘सेवा’च्या त्या गावांत लोक मजुरी सोडून आळशी झाले नाहीत, स्वतःच्या शेताकडे वळले, असं मोजणीत दिसलं. पण तिथलं ते इथे आपोआप लागू होत नाही. भूमिहीन बाईला वळायला स्वतःचं रान कुठे आहे?

रानाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, आणि त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरातल्या लक्ष्मीच्या नावे थोडी तरी जमीन करा. कित्येक गावांनी ते केलं. तरीही बहुतेक सातबाऱ्यांवर नाव पुरुषाचंच राहिलं. म्हणून केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे 6,000 आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000 बहुतेक घरांत त्याच्या खात्यात पडतात. ज्या बाईच्या नावावर जमीन आहे आणि ते पैसे तिला मिळतात, तिला लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळत नाहीत, महिन्याला फक्त 500 मिळतात. जमीन नावावर असल्याचं हे बक्षीस! या पाचशेवाल्या बायका प्रत्येक गावात थोड्याच असतील, पण त्यांच्याशी बोलल्याशिवाय नोंद पुरी समजू नये.

थेट खात्यात पैसा हवा, असं फुलंब्रीच्या माणसाला का वाटतं, हे समजायला 2023 चा मार्च आठवावा. गेवराई पायग्याचे तरुण सरपंच मंगेश साबळे यांनी पंचायत समितीच्या कार्यालयासमोर गळ्यातल्या नोटांच्या माळा तोडून दोन लाख रुपये उधळले. रोजगार हमीतल्या विहिरी मंजूर करायला पैसे मागितले जातात, असा त्यांचा आरोप होता. ती चित्रफीत राज्यभर फिरली. मंजुरी, मोजमाप, फोटो, हजेरीपट, अशा प्रत्येक पायरीवर कुणाची तरी सही लागते, आणि जिथे सही तिथे टक्का, हा लोकांचा अनुभव. पंधराशेच्या वाटेत सही नाही, म्हणून ते लोकांना भावतात. एरवी रोख वाटपाबद्दल माझ्या मनात पुष्कळ किंतु आहेत, पण या कारणापुढे मी गप्प बसतो.

तरी रोजगार हमीची बाजू एका बाबतीत वरचढ आहे, आणि ती मराठवाड्याने विसरू नये. 1972 च्या दुष्काळात इथल्या बायकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, नालाबांधाच्या कामावर पोरं झोळीत टांगली. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्या होरपळीतून कायद्यापर्यंत पोचली. 1977 चा अधिनियम, 26 जानेवारी 1979 पासून अंमल. काम मागणं हा हक्क झाला, आणि नाही मिळालं तर भत्ता मागता येऊ लागला. कुमुदिनी दांडेकरांनी रोजगार हमीवरच्या बायकांचा अभ्यास केला, तो 1983 साली पुस्तकरूपाने आला. कामावर बायका एवढ्या मोठ्या संख्येने का येतात, हे त्यामुळे चर्चेत आलं. लाडकी बहीण कायद्याने आलेली नाही, शासन निर्णयाने आली आहे. दुसऱ्या शासन निर्णयाने ती बदलते. तेव्हा नोंद घेणाऱ्याने हेही पाहावं की बाई या पैशाला काय समजते. तिचा हक्क, की कुणीतरी केलेली मेहेरबानी? थेट विचारून उत्तर मिळणार नाही. हप्ता चुकला तर ती कुणाकडे जाते, भांडते की विनवते, यावरून कळेल.

गावाचा हिशेब लिहिण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. हॅरॉल्ड मॅन यांनी 1917 साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा घराघरांत जाऊन केलेला अभ्यास छापला. तिथे आज उंच इमारती आहेत. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या कुणब्याच्या डोक्यावर कर्ज किती होतं, जमिनीचे तुकडे किती झाले होते, हे त्या एका पुस्तकामुळे कळतं. मॅन यांनी गावाला चांगलं-वाईट ठरवलं नाही, मोजलं.

मोजताना एक अडचण मोठी येईल. एकाच पासबुकात अनेक पैसे पडतात. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, उभी पिकं पाण्याखाली गेली, ऑक्टोबरमध्ये सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या दिवाळीला एखाद्या घरात सुधारणा दिसली तर ती मदतीची की पंधराशेची? आणि घसरण दिसली तर पंधराशे नसते तर ती किती खोल गेली असती? याचं नेमकं उत्तर फुलंब्रीतून मिळणार नाही, आणि मिळाल्याचा आव आणू नये. फिनलंडने 2017-18 मध्ये दोन हजार बेरोजगारांना महिन्याला 560 युरो देऊन पाहिले, आकडेवारी सगळी हाताशी होती, तरी त्यांनी 81 जणांच्या दीर्घ मुलाखतीही घेतल्या. कुणाचं आयुष्य बदललं, कुणाचं तसूभर हललं नाही. फुलंब्रीतही सरासरी काढण्यापेक्षा एकेक घर वर्षभर, सगळ्या ऋतूंत धरून ठेवणं जास्त फळेल.

विचारायला कोण जातं यावरही उत्तर ठरतं. पडताळणी सुरू झाल्यापासून वही घेऊन आलेला प्रत्येक माणूस बाईला नाव कापायला आलेला वाटतो, आणि तिचं काही चुकत नाही. 2025 च्या जूनपासून सुमारे 26 लाख लाभार्थींचे पैसे थांबवले गेले. लाभ घेणारे काही हजार पुरुषही त्या छाननीत निघाले. सप्टेंबरात ई-केवायसी आली, तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचे वडील नाहीत आणि नवराही वारला किंवा त्याने टाकलं, त्यांना हा क्रमांक कुठून आणायचा कळेना. पुढे त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली आणि मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. म्हणून उत्पन्न विचारू नये, गाडी विचारू नये, आधार क्रमांक तर चुकूनही लिहून घेऊ नये. नावांऐवजी खुणा वापराव्यात. घरातल्या पुरुषासमोर बाईची मुलाखत घेऊ नये, रानात किंवा पाणवठ्यावर घ्यावी, आणि तिथेही सासू असेल तर सासूची आधी घ्यावी.

पैसे मिळणाऱ्यांइतकंच लक्ष पैसे थांबलेल्यांकडे हवं. सुरू होण्याआधीचा कागद आपण घालवला, पण थांबण्याआधीचा अजून हातात आहे. यात एक गट असा आहे की त्याची तारीख आधीच माहीत असते. पासष्टी ओलांडलेल्या बाईचे पंधराशे बंद होतात. पुढे तिने श्रावणबाळ योजनेकडे जावं अशी कल्पना. तिथेही पंधराशेच मिळतात, पण लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि श्रावणबाळला कित्येक वर्षं 21,000 ची. वर्षाला एकवीस हजारांत बसणारं घर कागदावर दाखवायचं तर तलाठ्याकडे, तहसीलला, दाखल्यासाठी पुन्हा सहीच्या रांगेत उभं राहायचं. आळंद, गणोरी, पाल, पिरबावडा, कुठल्याही गावात अशा दोन-चार जणी दरवर्षी निघतील. आधार कार्डावरची जन्मतारीख बहुतेकींची अंदाजे टाकलेली, त्यामुळे पासष्ट कधी भरतात हेही त्या कार्डावरच ठरतं. त्यांच्याकडे वाढदिवसाच्या सहा महिने आधी जावं, उधारीची वही, औषधाच्या चिठ्ठ्या आणि कुणाकडे काय मागितलं ते लिहून घ्यावं, आणि पैसे थांबल्यावर पुढचं वर्षभर दर महिन्याला त्याच घरी परत जावं.